पुनरुत्थानाच्या साक्षीदारांचा शब्द किती भार पेलतो?

प्रश्न
लेखनाव: जुनी पोथी

मी ख्रिस्ती नाही, आणि हा प्रश्न कोणाच्याही श्रद्धेला धक्का देण्यासाठी विचारत नाही, हे आधीच नमूद करतो. इतिहासाच्या साधनांचा हौशी वाचक म्हणून तो मला बरेच दिवस अस्वस्थ करत आहे. या मंडळात बायबलचे जाणकारही आहेत आणि कायद्याचे अभ्यासकही आहेत, म्हणून तो येथे मांडत आहे.

येशूला पंतय पिलाताच्या कारकिर्दीत, बहुधा इ. स. ३० किंवा ३३ साली, वधस्तंभावर देण्यात आले, याविषयी अभ्यासकांत फारसा वाद नाही. टॅसिटस या रोमन इतिहासकारानेही त्याचा उल्लेख केला आहे. माझा प्रश्न त्यानंतरचा आहे. येशू तिसऱ्या दिवशी उठला आणि त्याच्या माणसांनी त्याला पाहिले, या सांगण्यावर ख्रिस्ती धर्माचा सगळा डोलारा उभा आहे. अनेक धर्मांत साक्षात्कार एका व्यक्तीला होतो आणि इतर लोक तिच्या अधिकारावर विसंबतात. येथे मात्र पहिल्यापासून ‘आम्ही पाहिले’ अशी बहुवचनी भाषा आहे, म्हणून पुराव्याचा प्रश्न येथे अधिक थेटपणे उभा राहतो.

चारही शुभवर्तमानांचे (मत्तय, मार्क, लूक आणि योहान यांच्या नावांच्या येशूचरित्रांचे) शेवटचे अध्याय समोरासमोर ठेवून वाचले की तपशील जुळत नाहीत. कबरेकडे कोण गेले? मार्क तीन स्त्रिया सांगतो: मग्दालिया मरीया, याकोबाची आई मरीया आणि सलोमे. मत्तय दोघींची नावे देतो, लूक सलोमेऐवजी योहान्नाचे नाव घेऊन ‘आणि इतर’ असे म्हणतो, तर योहानाच्या कथनात मग्दालिया मरीया एकटीच दिसते. मार्क म्हणतो की सूर्य उगवला होता. योहान म्हणतो की अजून अंधार होता. कबरेपाशी मार्कला पांढऱ्या झग्यातला एक तरुण दिसतो, मत्तयाला धोंड लोटून तिच्यावर बसलेला देवदूत, आणि लूकला दोन पुरुष. मार्कच्या मते स्त्रिया भ्याल्या आणि कोणाला काही बोलल्या नाहीत; मत्तयाच्या मते त्या आनंदाने धावत शिष्यांना सांगायला गेल्या. पुढे मत्तय शिष्यांची भेट गालीलातल्या डोंगरावर घडवतो, तर लूकच्या शुभवर्तमानात सगळे यरुशलेमात आणि आसपास घडते आणि शिष्यांना शहर न सोडण्याची आज्ञा होते.

शिवाय लूक स्वतःच आरंभी सांगतो की ज्यांनी सुरुवातीपासून पाहिले त्यांच्याकडून आलेले आपण लिहीत आहोत. म्हणजे तो स्वतः प्रत्यक्षदर्शी नाही. मार्कचे लेखन बहुसंख्य अभ्यासक इ. स. ७० च्या सुमाराचे मानतात आणि इतर तिघांचे त्यानंतरचे.

मेलेला माणूस उठू शकतो की नाही, हा वाद मी मुद्दाम बाजूला ठेवतो. मला एवढेच जाणून घ्यायचे आहे की अशा साक्षीवर विश्वास ठेवणारा माणूस नेमका कशावर विसंबतो. पाहणाऱ्यांवर, लिहिणाऱ्यांवर, की त्यांचे लेखन पुढे नेणाऱ्या समाजावर? आणि ते विसंबणे किती समर्थनीय आहे?

---

उत्तर १
लेखनाव: काळा कोट

मी सत्र न्यायालयात फौजदारी वकिली करतो. पुनरुत्थान झाले की नाही याविषयी माझ्यापाशी ठाम मत नाही. परंतु साक्षी पडताळणे हा माझा रोजचा व्यवसाय असल्यामुळे आपल्या प्रश्नातल्या विसंगतीच्या मुद्द्यावर काही सांगता येईल असे वाटते.

आमच्याकडे भांडणाच्या खटल्यात चार साक्षीदार पिंजऱ्यात येतात. पहिला म्हणतो की कोयता उजव्या हातात होता, दुसरा म्हणतो डाव्या. एक म्हणतो दिवेलागण झाली होती, दुसऱ्याच्या मते ऊन उतरत होते. उलटतपासणीत आम्ही नेमके हेच धागे ओढतो, परंतु अनुभवी न्यायाधीश त्यावर खटला सोडून देत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने १९८३ च्या भरवाडा भोगीनभाई प्रकरणात स्पष्ट केले आहे की साक्षीदाराची स्मरणशक्ती छायाचित्रासारखी असावी अशी अपेक्षा धरता येत नाही, आणि गाभ्याला धक्का न लावणाऱ्या बारीकसारीक तफावतींना अवास्तव महत्त्व देऊ नये. साक्षीदाराचे एक विधान खोटे ठरले म्हणून त्याची सगळीच साक्ष टाकून द्यावी, हा जुना लॅटिन नियमही आपल्या न्यायालयांनी स्वीकारलेला नाही. उलट चार जबाब शब्दाशब्दाने सारखे आले की आम्हाला ते पढवलेले असल्याचा संशय येतो. सूर्य उगवला होता की अंधार होता, स्त्रिया दोन होत्या की तीन, या तफावती मी पहिल्या प्रकारात टाकीन. गालील की यरुशलेम, ही तफावत तितकी किरकोळ नाही. ती स्थळाची आहे, आणि फौजदारी खटल्यात घटनास्थळ बदलले तर फिर्यादी पक्ष अडचणीत येतो.

येथे ख्रिस्ती बाजूचे समर्थक बहुधा हार्वर्डचे कायद्याचे प्राध्यापक सायमन ग्रीनलीफ यांचे नाव घेतात. त्यांनी १८४६ साली चारही शुभवर्तमानांना न्यायालयीन पुराव्याचे नियम लावून ती विश्वसनीय ठरवली होती. प्रयत्न मोठा होता, परंतु दोन अडचणी त्याने सुटत नाहीत असे मला वाटते.

पहिली अडचण अशी की हे चार स्वतंत्र जबाब नाहीत. मार्कच्या ६६१ वचनांपैकी सहाशेहून अधिक वचनांतला मजकूर मत्तयात कोणत्या ना कोणत्या रूपात आढळतो, आणि लूकनेही मार्कचा आधार घेतला हे बहुतेक अभ्यासक मान्य करतात. पहिल्या जबाबावरून दुसरा आणि तिसरा लिहिला गेला असेल तर ते तीन जबाब होत नाहीत. आपल्या कायद्यात साक्षीदारांच्या संख्येला महत्त्व नाही, हेही खरे. १९५७ च्या वडिवेलू थेवर प्रकरणात न्यायालयाने म्हटले की साक्षी मोजायच्या नसतात, तोलायच्या असतात. पूर्ण विश्वासार्ह असा एकच साक्षीदार शिक्षेला पुरेसा ठरू शकतो. मात्र तोलण्यासाठी तो साक्षीदार समोर हवा.

दुसरी अडचण अधिक खोल आहे. १८७२ च्या पुरावा कायद्यानुसार तोंडी पुरावा प्रत्यक्ष असला पाहिजे: पाहिल्याची गोष्ट असेल तर ज्याने पाहिले त्यानेच ती सांगायची. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमानेही हे तत्त्व कायम ठेवले आहे. या कसोटीवर मार्क आणि लूक ऐकीव पुरावा ठरतात. हिरापोलिसचा पापियास हा प्रारंभीचा ख्रिस्ती लेखक सांगे की मार्क हा पेत्राचा दुभाषा होता आणि त्याने पेत्राच्या आठवणी लिहून ठेवल्या. पापियासचे हे म्हणणे आपल्याला चौथ्या शतकातल्या युसेबियस या ख्रिस्ती इतिहासकाराच्या लेखनातून कळते, म्हणजे ऐकीवावर आणखी एक थर चढतो. आणि या साऱ्या साखळीतल्या कोणाचीही उलटतपासणी झालेली नाही. माझ्या व्यवसायात सरतपासणीत अगदी घट्ट वाटलेला साक्षीदार उलटतपासणीच्या तिसऱ्या प्रश्नाला ढासळताना मी पुष्कळ वेळा पाहिला आहे, त्यामुळे हा अभाव मला लहान वाटत नाही.

एवढे सांगून एक गोष्ट मात्र जोडतो. न्यायालयाची कसोटी लावली तर प्राचीन इतिहासाचे जवळजवळ सगळेच पुस्तक मिटावे लागेल. ती कसोटी आरोपीचे स्वातंत्र्य पणाला लागलेले असते म्हणून इतकी कडक ठेवली आहे. इतिहासकाराला संशयाचा फायदा कोणाला द्यायचा नसतो. उपलब्ध असलेल्या खुणांचा सर्वांत सयुक्तिक उलगडा कोणता, एवढेच त्याला ठरवायचे असते.

---

उत्तर २
लेखनाव: उत्तर वसई

मी वसईच्या कॅथोलिक कुटुंबातला आहे आणि काही वर्षे ईशज्ञानाचा अभ्यास केला आहे. माझी बाजू कोणती हे आपल्याला माहीत असावे म्हणून सांगितले. वकीलसाहेबांनी मांडलेल्या दोन्ही अडचणी मला मान्य आहेत. ग्रीनलीफ यांच्या मार्गाने आमच्या श्रद्धेचे समर्थन करू नये असे माझेही मत आहे, कारण तो मार्ग साक्षीवर नको तेवढा भार टाकतो.

परंतु आपण सुरुवात शुभवर्तमानांपासून केली आहे आणि सर्वांत जुना पुरावा तेथे नाही. तो पौल या प्रेषिताने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या पंधराव्या अध्यायात आहे. हे पत्र इफिस येथून इ. स. ५४ च्या सुमारास लिहिले गेले. पौल करिंथात केव्हा होता हे आपल्याला बऱ्यापैकी नेमके ठरवता येते, कारण त्याला ज्या गल्लियो नावाच्या सुभेदारापुढे उभे केले होते, त्या गल्लियोचा काळ डेल्फी येथे सापडलेल्या शिलालेखामुळे इ. स. ५१-५२ असा निश्चित होतो. त्या पत्रात पौल करिंथकरांना आठवण करून देतो की जे मला मिळाले तेच मी तुमच्या हवाली केले: ख्रिस्त मेला, पुरला गेला, तिसऱ्या दिवशी उठवला गेला, आणि केफाला (म्हणजे पेत्राला), मग बारा जणांना दिसला; मग एकाच वेळी पाचशेहून अधिक बांधवांना दिसला, त्यांपैकी बहुतेक आजही हयात आहेत; मग याकोबाला, मग सर्व प्रेषितांना, आणि शेवटी मला.

यातला पहिला भाग पौलाने रचलेला नाही, तो त्याला पाठ करून दिलेला आहे. कोणी दिला? गलतीकरांना लिहिलेल्या पत्रात, शपथेवर म्हणावे अशा सुरात, पौल सांगतो की माझ्या परिवर्तनानंतर तीन वर्षांनी मी यरुशलेमला जाऊन केफाजवळ पंधरा दिवस राहिलो आणि प्रभूचा भाऊ याकोब यालाही भेटलो. यादीत ज्यांचे नाव घेऊन उल्लेख आहे ते दोघेही या भेटीत त्याच्यासमोर होते, आणि ही भेट वधस्तंभानंतर दशकभराच्या आतली आहे. ज्या माणसाने या पंथाचा छळ केला होता, तो पंधरा दिवस पेत्राच्या घरी राहून हवापाण्यावर बोलला नसणार. वकीलसाहेब, उलटतपासणी म्हणता येईल अशी ही एकच जागा मला दिसते, आणि ती घेणारा विरोधी पक्षातून आलेला होता. गेर्ड ल्यूडेमान या जर्मन अभ्यासकाने ख्रिस्ती श्रद्धा सोडली होती, तरीही पेत्राला आणि इतर शिष्यांना येशूच्या मृत्यूनंतर तो दिसल्याचे अनुभव आले हे तो ऐतिहासिक सत्य मानत असे. त्या अनुभवांचा अर्थ तो मानसिक आघातातून लावत असे, तो भाग वेगळा.

दुसरी गोष्ट स्त्रियांची. पहिल्या शतकातला यहुदी इतिहासकार जोसेफस स्पष्ट लिहितो की स्त्रियांची साक्ष घेऊ नये, कारण त्यांच्या ठायी चंचलता आणि उतावीळपणा असतो. दुसऱ्या शतकात सेल्सस या ग्रीक टीकाकाराने ख्रिस्ती लोकांना नेमके येथेच गाठले: हे पाहिले कोणी, तर एका भ्रमिष्ट बाईने! त्याचे हे म्हणणे ओरिजेन या ख्रिस्ती लेखकाने खंडन करण्यासाठी उतरवून ठेवले म्हणून आपल्यापर्यंत पोहोचले. लूकच्या कथनात तर प्रेषितांनाच स्त्रियांचे बोलणे निरर्थक बडबड वाटते. एखाद्याला लोकांच्या गळी उतरेल अशी कथा रचायची असती, तर त्याने रिकाम्या कबरेशी अरिमथाईकर योसेफाला उभे केले असते, कारण तो न्यायसभेचा सभासद आणि प्रतिष्ठित पुरुष होता. चारही लेखकांनी तसे केले नाही. याने कबर रिकामी होती हे सिद्ध होत नाही, हे मी जाणतो. परंतु गैरसोयीची असूनही जी गोष्ट कोणाला गाळता आली नाही, ती आधीपासून सर्वांना ठाऊक असावी, एवढे अनुमान मी करतो.

तिसरी गोष्ट याकोबाची, आणि माझ्या मनावर तिचाच परिणाम सर्वाधिक होतो. येशूचे भाऊ त्याच्यावर विश्वास ठेवत नव्हते असे योहान सांगतो; त्याला वेड लागले आहे असे समजून घरची माणसे त्याला धरून न्यायला आली होती, असे मार्क सांगतो. तोच याकोब पुढे यरुशलेमच्या मंडळीचा आधारस्तंभ होतो आणि इ. स. ६२ मध्ये हन्ना नावाच्या महायाजकाच्या हुकमाने दगडमार होऊन मरतो. ही शेवटची माहिती ख्रिस्ती ग्रंथातली नव्हे, जोसेफसची आहे. घरातल्या माणसाला आपल्या भावाचे देवत्व पटवणे किती कठीण, हे वेगळे सांगायला नको. (सर्वच प्रेषित साक्षीसाठी हुतात्मा झाले असे आमच्या प्रवचनांत सांगितले जाते, पण त्यांपैकी अनेकांच्या मृत्यूची माहिती उत्तरकालीन परंपरेतून येते. म्हणून मी येथे फक्त याकोबावर भर देतो.)

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येतो: माणूस कशावर विसंबतो? आपल्याकडच्या न्यायदर्शन या तर्कप्रधान तत्त्वज्ञानशाखेने शब्द हे स्वतंत्र प्रमाण, म्हणजे ज्ञानाचे साधन, मानले आणि आप्ताचा उपदेश म्हणजे शब्दप्रमाण असे सांगितले. न्यायसूत्रांवरच्या वात्स्यायनाच्या भाष्यात आप्ताची ओळख अशी दिली आहे की ज्याने वस्तू साक्षात जाणली आहे आणि जशी पाहिली तशीच ती सांगण्याच्या इच्छेने जो बोलतो, तो आप्त. आणि पुढे तो म्हणतो की हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या सर्वांना सारखेच लागू आहे. मला ही कसोटी न्यायालयाच्या कसोटीपेक्षा अधिक जवळची वाटते, कारण ती दोन गोष्टी एकत्र तपासते: जाणकारी आणि नियत. काशीत वाढलेले नीलकंठशास्त्री गोऱ्हे न्यायशास्त्रातच मुरलेले होते. त्यांनी आधी मिशनऱ्यांचे खंडन करणारे लेखन केले आणि नंतर १८४८ साली बाप्तिस्मा घेतला. अशा माणसाला प्रमाणांचा विचार न करता श्रद्धा धरणे शक्यच नव्हते, असे मला वाटते. पेत्र, याकोब आणि पौल यांची नियत मला स्वच्छ वाटते. त्यांना यातून सत्ता वा पैसा मिळाला नाही. त्यांच्या जाणकारीविषयी मात्र वाद होऊ शकतो, आणि खरा वाद तेथेच आहे.

---

उत्तर ३
लेखनाव: सांगलीकर

मी मानसशास्त्र शिकवते. ‘उत्तर वसई’ यांनी वाद नेमका जेथे आणून ठेवला आहे, तेथूनच पुढे बोलते. साक्षीदारांची नियत स्वच्छ होती हे मी पूर्णपणे मान्य करते. माझा आक्षेप असा की स्वच्छ नियतीचा माणूसही पाहिलेले आणि समजलेले यांत गल्लत करतो, आणि ती त्याची त्याला कळत नाही.

२१ सप्टेंबर १९९५ हा दिवस येथल्या अनेकांना आठवत असेल. त्या दिवशी देशभर गणपती दूध पिऊ लागला. मी तेव्हा महाविद्यालयात होते आणि आमच्या पेठेतल्या देवळात रांगेत उभी होते. माझ्या पुढच्या आजींनी दुधाने काठोकाठ भरलेला चमचा किंचित तिरपा करून सोंडेला टेकवला, आणि सर्वांच्या डोळ्यांदेखत दूध उतरत गेले. त्या आजी खोटे बोलत नव्हत्या, आणि चमचा रिकामा झाला हेही खरे होते. पण पांढऱ्या संगमरवरावरून दुधाचा पातळ, जवळजवळ अदृश्य ओघळ पोटावरून खाली जात होता आणि मूर्तीच्या पायाशी चौरंग ओला झाला होता, हे खाली वाकून पाहिल्याशिवाय दिसत नव्हते. दिल्लीत शास्त्रज्ञांनी रंगीत दूध वापरून हा ओघळ सर्वांना दाखवला आणि पृष्ठताणाचे कारण स्पष्ट केले. त्या एका दिवशी प्रत्यक्षदर्शींची संख्या पाचशे नव्हे, लाखांत होती.

स्मृतीचा प्रश्न वेगळा. २८ जानेवारी १९८६ ला चॅलेंजर यान कोसळले, त्याच्या दुसऱ्या दिवशी मानसशास्त्रज्ञ उलरिक नायसर यांनी आपल्या विद्यार्थ्यांकडून, बातमी कोठे आणि कशी कळली, हे लिहून घेतले. सुमारे अडीच-तीन वर्षांनी त्यांतल्या ४४ जणांना पुन्हा तेच विचारले, तेव्हा त्यांपैकी पाव विद्यार्थ्यांच्या उत्तरांत मूळ नोंदीशी जुळणारे काहीच नव्हते. आणि तरीही कित्येकांना आपली आठवण अचूक असल्याची खात्री होती. त्यांच्यापुढे त्यांच्याच हस्ताक्षरातला जुना कागद ठेवला, तरी नवीन आठवण हलली नाही. मार्क आणि घटना यांत चाळीस वर्षे आहेत.

शोकाचाही विचार करावा लागेल. वेल्समधले डॉक्टर डेव्ही रीस यांनी २९३ विधवा आणि विधुरांशी बोलून १९७१ साली जी पाहणी प्रसिद्ध केली, तिच्यात जवळपास निम्म्यांनी मृत जोडीदाराचा कोणत्या ना कोणत्या रूपात अनुभव आल्याचे सांगितले. काहींनी त्याला पाहिले होते, काहींनी त्याचा आवाज ऐकला होता. ही माणसे मनोरुग्ण नव्हती, आणि बहुतेकांनी ही गोष्ट त्याआधी कोणाला सांगितलीही नव्हती. पेत्राचा शोक तर अपराधाच्या भावनेने दुणावलेला होता, कारण गुरूला अटक झाली त्याच रात्री त्याने त्याला तीनदा नाकारले होते.

पौलाविषयी एक मुद्दा मला निर्णायक वाटतो. त्याचे परिवर्तन झाले तेव्हा त्याला दिमिष्काच्या (दमास्कसच्या) वाटेवर काय दिसले? प्रेषितांच्या कृत्यांनुसार प्रकाश दिसला आणि वाणी ऐकू आली. त्याच पुस्तकाच्या नवव्या अध्यायात त्याच्या सोबत्यांनी वाणी ऐकली पण कोणी दिसले नाही, आणि बाविसाव्या अध्यायात त्यांनी प्रकाश पाहिला पण वाणी ऐकली नाही. पौल हा अनुभव पेत्राच्या अनुभवाच्याच पंक्तीत, त्याच क्रियापदाने मांडतो. मग पेत्राचे पाहणेही त्याच जातीचे नव्हते, हे कशावरून ठरवायचे?

शेवटी, नियतीच्या कसोटीला पुरून उरणारी आणखी एक साक्ष. मॉर्मन पंथाच्या स्थापनेच्या आदल्या वर्षी, १८२९ साली, ऑलिव्हर काउडरी, डेव्हिड व्हिटमर आणि मार्टिन हॅरिस यांनी देवदूताने आपल्याला सोन्याचे पत्रे दाखवल्याची साक्ष दिली. पुढे तिघांचेही पंथाचा संस्थापक जोसेफ स्मिथ याच्याशी बिनसले, तिघेही पंथाबाहेर गेले, व्हिटमर तर कधी परतलाही नाही. तरी एकानेही ती साक्ष मागे घेतली नाही. ‘उत्तर वसई’ यांना मी आदराने विचारते की आपण त्यांच्यावर विश्वास ठेवाल का, आणि नसाल तर कोणत्या कारणाने? तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमने १७४८ साली चमत्कारांच्या साक्षीविषयी जो युक्तिवाद केला, त्याचा एक भाग हाच होता की परस्परविरोधी धर्मांतले चमत्कार एकमेकांचा पुरावा खोडून काढतात.

---

जुनी पोथी (प्रश्नकर्ता)

तिन्ही उत्तरांबद्दल मनापासून आभार. ‘उत्तर वसई’ यांना आणखी दोन गोष्टी विचारतो. पाचशे जणांना एकाच वेळी दर्शन झाले असेल, तर इतकी मोठी घटना चारपैकी एकाही शुभवर्तमानात का नाही? आणि ज्या स्त्रियांवर आपण एवढा भर दिलात, त्या पौलाच्या यादीत का नाहीत?

---

उत्तर वसई

पाचशेंच्या उल्लेखावर मी स्वतः फार वजन टाकत नाही. पौल ‘बहुतेक हयात आहेत’ असे म्हणतो तेव्हा तो विचारायला वाट मोकळी ठेवतो हे खरे, परंतु करिंथहून समुद्र ओलांडून यरुशलेमला जाऊन विचारणारे किती असणार? दुसऱ्या कोणत्याही लेखनात या घटनेला दुजोरा नाही. स्त्रिया यादीत नाहीत याचे कारण मला असे वाटते की ही यादी चारचौघांत प्रमाण म्हणून म्हणायची होती, आणि त्या काळी प्रमाण म्हणून स्त्रियांचे नाव घेऊन उपयोग नव्हता. हे माझे अनुमान आहे. पौलाने तसे कोठे म्हटलेले नाही.

आता सांगलीकर ताईंच्या प्रश्नांकडे वळतो. त्यांची गणपतीची आठवण मला पटते, आणि खाली वाकून चौरंग पाहण्याची त्यांची सवय प्रत्येक श्रद्धावंताला असावी असे वाटते. रीस यांच्या पाहणीविषयी मात्र एक फरक नोंदवतो. त्या विधवांना नवरा दिसला, पण त्यांपैकी कोणी ‘तो कबरेतून उठला, तो आता मेलेला नाही’ असे म्हणत बाहेर पडल्या नाहीत. मेलेल्या माणसाचे दर्शन होते हे पहिल्या शतकातल्या यहुद्यांनाही ठाऊक होते, आणि त्याला ते पुनरुत्थान म्हणत नसत. परूशी या यहुदी पंथाच्या मते पुनरुत्थान युगाच्या अंती आणि सर्वांचे एकदम व्हायचे होते. मध्येच एका माणसाचे, तेही झाडाला टांगून शापित ठरलेल्या माणसाचे, कोणाच्या कल्पनेत नव्हते. त्या काळात मसीहा म्हणून पुढे आलेले इतर पुढारीही मारले गेले, इ. स. १३५ मध्ये यहुदी बंडाचा पुढारी बार कोखबाही मारला गेला, आणि त्यांच्या अनुयायांनी एकतर घर गाठले किंवा दुसरा पुढारी शोधला. शोकाने दर्शन घडू शकते हे मी मान्य करतो. शोकाने नेमका हाच निष्कर्ष का घडवला, याचे उत्तर मला त्या पाहणीत मिळत नाही. पौलाविषयीच्या त्यांच्या मुद्द्याला माझ्याकडे तितके सरळ उत्तर नाही. पौल आपल्या दर्शनाला अकाली जन्मलेल्याला झालेले दर्शन म्हणतो, म्हणजे ते इतरांपेक्षा वेगळे असल्याची जाणीव त्याला होती, एवढेच सांगता येते.

मॉर्मन साक्षीदारांना मी खोटे म्हणणार नाही. त्यांच्यावर मी विश्वास ठेवत नाही, कारण त्या पत्र्यांवरून भाषांतर केल्याचा दावा असलेल्या पुस्तकात अमेरिकेच्या प्राचीन रहिवाशांचा जो इतिहास सांगितला आहे, त्याला पुरातत्त्वाचा आधार मिळत नाही. साक्ष एकटी उभी राहत नाही. आजूबाजूचे जे तपासता येते, ते तिला धरून ठेवते किंवा पाडते. हाच न्याय मला माझ्या श्रद्धेलाही लावावा लागतो. १९८० साली यरुशलेमच्या तलपियोत भागात एका कबरीत दहा अस्थिपेट्या सापडल्या आणि त्यांतल्या एकीवर ‘येशू, योसेफाचा मुलगा’ असे कोरलेले वाचले गेले. ही दोन्ही नावे त्या काळी घरोघरी असत, म्हणून बहुतेक पुरातत्त्वज्ञांनी ती पेटी नासरेथच्या येशूची असल्याचे मानलेले नाही, आणि ते मला पटते. परंतु उद्या खरोखर त्याच्याच अस्थी असल्याचे निर्विवाद सिद्ध झाले, तर ‘पुनरुत्थान आत्मिक अर्थाने होते’ असे म्हणून मी निभावून नेणार नाही. त्याच पंधराव्या अध्यायात पौलाने लिहून ठेवले आहे की ख्रिस्त उठला नसेल तर आमचा उपदेश फोल आहे, तुमचा विश्वासही फोल आहे, आणि आम्ही देवाविषयीचे खोटे साक्षीदार ठरतो.

आपण विचारले होते की माणूस कशावर विसंबतो. मी विसंबतो तो हे वाक्य लिहिणाऱ्या माणसावर, आणि ज्या दोघांशी पंधरा दिवस बोलून त्याने ते लिहिले त्यांच्यावर. थोमा या शिष्याने येशूच्या जखमांत बोट घालण्याचा हट्ट धरला म्हणून त्याला कोणी मंडळीबाहेर काढले नाही. गालीलाच्या डोंगरावर येशूसमोर उभे असतानाही काहींना संशय होता, असे मत्तयाने लिहिले आणि ते कोणी खोडले नाही. ज्या साक्षीने आपल्यातले संशयी लोक लपवले नाहीत, तिच्या नियतीवर मी विश्वास ठेवतो. तिच्या जाणकारीबाबत सांगलीकर ताईंचा आणि माझा मतभेद या चर्चेने मिटणार नाही. त्यांची तयारी असेल तर दिमिष्काच्या दर्शनाविषयीचे तीनही वृत्तांत, म्हणजे प्रेषितांच्या कृत्यांचे नववा, बाविसावा आणि सव्विसावा हे अध्याय, गलतीकरांच्या पहिल्या अध्यायाशी ताडून पाहण्यासाठी आपण वेगळा धागा सुरू करू.